कासवाच्या वाड्यात काय लावायचं, काय उपटायचं

परभणीच्या एका शिक्षिका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे तीन वर्षांचं सल्काटा कासव आहे. कवच नऊ इंचांचं, वजन अडीच किलोच्या आसपास. आजवर ते गच्चीवरच्या टबात आणि घरात फिरून वाढलं. आता घरामागची बारा बाय पंधरा फुटांची जागा विटांनी बंदिस्त करून त्यात जिवंत झाडं लावायची आहेत. घरी मनी प्लांट, सदाफुली, पानफुटी, कोरफड, जास्वंद आणि तुळस आहे. यातलं वाड्यात काय चालेल आणि रानातून काय आणावं, असं त्यांनी विचारलंय. शेवटी एक ओळ आहे: ‘विषारी झाड त्याला वासावरून कळत असेल ना?’

ताई, त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. नाही, कळत नाही. सल्काटा मूळचं आफ्रिकेतलं, सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेच्या साहेल पट्ट्यातलं. आपल्या नाल्यातली बेशरम, पडीक रानातली घाणेरी मूळच्या त्याच्या मुलखातल्या नाहीतच. ते चरणारं जनावर आहे. समोर हिरवं दिसलं की आधी तोंड लावतं, आवडलं तर खात राहतं. कडू लागलं म्हणून एखादं कासव सोडून देईलही, पण तेवढ्या भरवशावर वाडा लावता येत नाही. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो: कासवाचं तोंड जिथवर पोचतं तिथवरचं प्रत्येक पान त्याच्या ताटात वाढलेलं आहे असं धरा. वाड्यात ‘शोभेचं झाड’ नावाचा प्रकार नसतो. शेजाऱ्याच्या कंपाउंडवरून आत गळणारं पानही ताटातच पडतं.

झाडांकडे वळण्याआधी कायद्याचं थोडक्यात सांगतो. तुम्ही सल्काटा लिहिलंय, म्हणजे वाळूच्या रंगाचं सपाटसर कवच आणि मागच्या मांड्यांवर टोकदार खवले. तसंच असेल तर ठीक. कवचाच्या काळ्या उंचवट्यांवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या असतील तर ते भारतीय तारा कासव आहे आणि ते घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. अशा वेळी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून ते सोपवावं, रानात नेऊन सोडू नये. सल्काटा परदेशी असलं तरी साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे, त्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. राहिली असेल तर वाड्याच्या विटा आणण्याआधी ती करा.

आता एक प्रसंग सांगतो. त्यात चूक माझी होती. सात-आठ वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी फोनवर विचारलं की कासवाला काय लावू. मी घाईत होतो. म्हणालो, निवडुंग लावा, पाणी कमी लागतं आणि कासवं आवडीनं खातात. आठ-दहा दिवसांनी ते घमेल्यात ओलं पोतं टाकून कासव घेऊन दवाखान्यात आले. उजवा डोळा सुजून बंद झालेला, तोंडातून लाळेची तार लोंबत होती आणि ते पुढचा पाय पुन्हा पुन्हा तोंडावर घासत होतं. जबडा उघडून पाहिलं तर चोचीच्या कडेला पांढरा चीक डिंकासारखा वाळून चिकटलेला. काय खाल्लं म्हणून विचारलं, तर म्हणाले, ‘डॉक्टर, तुम्हीच सांगितलेलं निवडुंग.’ पिशवीतून त्यांनी एक दांडा काढला. हिरवा, कोनदार, कडांवर काट्यांच्या जोड्या. मोडला तर टपटप दूध गळलं. तो थोर होता. शेताच्या कुंपणाला लावतात तो. त्यांच्या गावात त्यालाच निवडुंग म्हणतात आणि त्यात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मी सलाईननं तो डोळा वीस मिनिटं धुतला. पुढे डोळ्यात थेंब आणि रोज कोमट पाण्यात बसवणं चालू ठेवलं. अकरा दिवस त्यानं तोंडात काही घेतलं नाही. बाराव्या दिवशी जास्वंदीच्या फुलाला तोंड लावलं. तेव्हापासून नुसतं ‘निवडुंग’ हा शब्द मी वापरत नाही.

मला म्हणायचं असतं ते फड्या निवडुंग. तळहातासारखे चपटे फडे एकावर एक जोडलेले, लाल बोंडं लागतात तो. तो मोडला की आतून पांढरा चीक येत नाही, बुळबुळीत पाणी येतं. थोर, शेर आणि त्रिधारी ही सगळी युफोर्बियाची भावंडं आहेत. त्यांचा पांढरा चीक डोळ्यांना आणि तोंडाला भाजून काढतो. फोनवर मी आता तीन गोष्टी विचारतो: फडा चपटा आहे का, मोडल्यावर पाणी येतं की दूध, आणि बोंडं कोणत्या रंगाची. पण ही दुधाची खूण निवडुंगापुरतीच वापरा. तुतीच्या देठातूनही पांढरा चीक येतो, रानातल्या पाथरीच्या पानातूनही येतो, आणि ही दोन्ही कासवासाठी उत्तम आहेत. ‘पांढरा चीक म्हणजे विष’ असा सरसकट नियम केलात तर चांगलं खाणं बाहेर राहील आणि चीक न येणारी विषारी झाडं आत येतील.

नावाचा असाच घोळ नर्सरीतही होतो. ‘पाम’ म्हणून अरेका पाम मिळतो, तो निर्धोक आहे. त्याच्याच शेजारी ‘सायकस पाम’ ठेवलेला असतो. तो पाम नाहीच. त्याची पानं, खोड, बिया सगळं विषारी, यकृत निकामी करणारं. ‘जेड’ म्हणून आपल्याकडच्या नर्सऱ्यांत बहुतेक वेळा लालसर दांड्याची, नखाएवढ्या गोल पानांची पोर्टुलाकारिया देतात. तिच्या मायदेशी, दक्षिण आफ्रिकेत, रानकासवं ती खाऊन जगतात, तेव्हा ती जरूर लावा. पण जाड खोडाची आणि मोठ्या मांसल पानांची खरी जेड, म्हणजे क्रासुला, दिली तर ती बाहेरच ठेवा. म्हणून नर्सरीत नाव ऐकून झाड घेऊ नका. फांदी हातात घ्या, मोडून बघा. शंका असेल तर कृषी विद्यापीठ तुमच्या गावातच आहे. तिथल्या किंवा कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या माणसाला फुलासकट फांदी दाखवली की दोन मिनिटांत शास्त्रीय नाव कळतं.

तुमच्या घरच्या झाडांपैकी जास्वंद आत येऊ द्या, मनापासून. साधी लाल देशी जास्वंद. पानं, कळ्या, फुलं सगळं चालतं. तुळस चाखली तर काही होत नाही, पण ती वृंदावनातच बरी, वाड्यात तिचा चेंदामेंदा होईल. बाकी चारही बाहेर ठेवा.

मनी प्लांटच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते तोंडात आणि घशात टोचतात, आतून सूज येते. अळू आणि डायफेनबॅकियात हेच असतं. सदाफुली दिसायला निष्पाप, बारमाही फुलणारी आणि दारोदार असते, पण कॅन्सरवरची विनक्रिस्टीन आणि विनब्लास्टिन ही औषधं तिच्यातूनच काढतात. माणसात ज्या औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजतात ते ज्या पानात आहे, ते अडीच किलोच्या जनावरासमोर ठेवू नये. पानफुटीबद्दल मला जरा जास्त बोलावं लागतं, कारण मुतखड्याची औषधी म्हणून ती घरोघर आहे आणि औषधी म्हणजे निर्धोक असा समज आहे. तिच्यात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्यं असतात. शिवाय तिच्या एका पानापासून कडेकडेनं दहा रोपं फुटतात. एक पान आत पडलं तर महिन्याभरात कोपरा भरतो, आणि ती कोवळी रोपं नेमकी कासवाच्या तोंडाच्या उंचीची असतात. कोरफडीचा गर चालतो, पण सालीखालचा पिवळा चीक जुलाब लावतो, आणि कासव काही साल काढून खात नाही.

आता बाहेरचं. वाडा बांधण्याआधी जागा साफ कराल तेव्हा गाजरगवत मुळासकट उपटा, फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून. घाणेरी, रुई, धोतरा, एरंड, बेशरम, टाकळा, गुंजेचा वेल, यातलं काहीच शिल्लक ठेवू नका. घाणेरी यकृतावर जाते. रुईत आणि कण्हेरीत हृदयावर जाणारं विष आहे. कण्हेरीचं पान वाळलं तरी त्यातलं विष जात नाही, हे नीट लक्षात ठेवा. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तीही तशीच. आपल्याकडे शाळेच्या, देवळाच्या, कॉलनीच्या भिंतीला हीच लावलेली असते, कारण गुरं तिला तोंड लावत नाहीत आणि ती पाण्यावाचून जगते. तुमच्या मागच्या भिंतीलगत शेजाऱ्याची कण्हेर असेल तर त्या बाजूला शेडनेट बांधा, नाहीतर वाडाच चार फूट अलीकडे घ्या. शेजाऱ्याला झाड तोडायला सांगण्यापेक्षा हे सोपं पडतं.

‘शेळी खाते ते कासवाला चालतं’ असं बरेच जण म्हणतात. मी पंचवीस वर्षं शेळ्या-म्हशींवर उपचार करतोय म्हणून यावर ठामपणे बोलतो: ही कसोटी चुकीची आहे. सुबाभूळ घ्या. तिच्यात मिमोसिन नावाचं विष असतं. शेळी ते पचवू शकते, कारण तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात मिमोसिन फोडणारे जिवाणू असतात. अन्न पुढे आतड्यात शोषलं जाण्याआधीच तिथे विष फुटतं. कासवात चारा आंबवण्याचं काम शेवटी, मोठ्या आतड्यात होतं. तोवर शोषायचं ते शोषून झालेलं असतं. पाला तोच, दोन जनावरांच्या पोटांची रचना मात्र उलटी. तसंच ज्वारीचं. पेरणीनंतरची कोवळी ज्वारी आणि कापणीनंतर बुडख्याला फुटलेले कोवळे पोंगे यांत हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं, आणि त्यानं धट्टीकट्टी बैलं पडताना मी पाहिली आहेत. घरात पक्ष्यांचे दाणे असले की ज्वारी सांडते आणि उगवते. वाड्यात उगवली तर उपटून टाका.

लावायचं काय, तर आधी गवत. सल्काटाच्या खाण्याचा ऐंशी टक्के भाग गवतच असावा, ताजं किंवा वाळलेलं. आपल्याकडे ज्या हरळीवर शेतकरी आयुष्यभर चिडलेला असतो, तीच तुमच्या वाड्याचा पाया आहे. फणफणीत उन्हात टिकते, चरली तरी पुन्हा फुटते, तुडवली तरी मरत नाही, आणि विकत घ्यावी लागत नाही. कुठल्याही शेतकऱ्याला मागितलीत तर तो आनंदानं टोपलीभर देईल. मृगाचा पाऊस झाल्यावर तिचे दोन-तीन इंचांचे, डोळे असलेले तुकडे वीतभर अंतरावर दाबा. दीड-दोन महिन्यांत जमीन झाकते. तिच्या जोडीला मारवेलचे ठोंब लावा. हे आपल्या दख्खनच्या माळावरचं अस्सल गवत आहे आणि थोडी सावली पडली तरी ते वाढतं. मिळाला तर पवन्याही लावा. पण माळावरून ठोंब आणताना कुसळी आत येऊ देऊ नका. ती विषारी नाही, तिचं बी धोक्याचं आहे. धोतराला लागलेलं कुसळ काढताना ते कसं पीळ घेत आत शिरतं ते तुम्ही पाहिलं असेलच. तेच कासवाच्या डोळ्याच्या कोपऱ्यात किंवा जिभेखाली शिरतं. एका कासवाच्या जबड्याखालच्या गाठीतून मी चिमट्यानं अडीच इंचांचं कुसळ ओढून काढलंय. वरून काही दिसत नव्हतं, नुसता वाटाण्याएवढा फुगवटा होता.

नेपियर गवत, लसूणघास, हदगा हे गोठ्याचे चारे आहेत, वाड्याचे नाहीत. लसूणघासात प्रथिनं फार, ती पंधरवड्यातून मूठभर चालेल. हौद-ओढ्याकाठची घोळ आणि आंबुशी यांत ऑक्झलेट जास्त, ते खाण्यातलं कॅल्शियम बांधून टाकतं. एखादी काडी खाल्ली म्हणून घाबरू नका, पण मुद्दाम लावू नका. पाथरी मात्र शोधून आणून लावा. ही आपली रानभाजी पिठलं-भाकरीबरोबर कच्ची खातात ती. जमिनीला चिकटून पानांचा गोल चक्का पसरतो, पिवळं फूल येतं. कासवाला ती गवताच्या खालोखाल मानवते. रताळ्याचा वेलही लावा, लवकर पसरतो आणि पानं चालतात. मात्र तो आणि बेशरम एकाच कुळातले आहेत आणि दोघांची फुलं सारखीच कर्ण्यासारखी, म्हणून वेल बाजारातल्या रताळ्यापासूनच वाढवा, कुठून उपटून आणू नका.

तुती हे माझं सगळ्यात आवडतं झाड आहे, आणि त्यासाठी तुम्ही चांगल्या ठिकाणी राहता. बीड, जालना आणि तुमच्या भागातही रेशीम करणारे शेतकरी आहेत. त्यांच्या तुतीवर सहसा कीटकनाशक मारलेलं नसतं, कारण पानात विषाचा अंश राहिला तर अळ्या मरतात; तरी फवारणी कधी केली ते विचारून घ्या. छाटणीच्या वेळी ते फांद्या बांधावर टाकून देतात. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब आठ-दहा काड्या मागून आणा. दोन डोळे जमिनीत, दोन वर ठेवून लावा. वाड्याच्या भिंतीबाहेर, आतल्या बाजूला झुकतील अशा. मूळ बाहेर सुरक्षित राहतं, पानं आत पडतात, उन्हाळ्यात सावली मिळते आणि कासव बुंधा उकरत नाही. जास्वंदीचंही असंच करा.

फड्या निवडुंगाचा फडा कापल्यावर आठ-दहा दिवस सावलीत ठेवा, जखम सुकू द्या, मग अर्धा मुरमात रोवा. बिनकाट्याचा वाण चाऱ्यासाठी मिळतो, तोच घ्या. पण बिनकाट्याच्या फड्यावरही ठिपक्याठिपक्यांत लवेसारखी बारीक कुसं असतात. खाऊ घालायचा फडा चिमट्यात धरून गॅसच्या आचेवर फिरवून घ्या, कुसं चरचर जळतात. त्यात पाणी खूप असतं, म्हणून आठवड्यातून एकदा हाताएवढा तुकडा पुरे. जास्त दिला की शी पातळ होते.

कर्दळ आणि केळ दोन्ही निर्धोक, पण पाणी मागतात. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात कासवासाठी कर्दळीचा ताटवा भिजवायला मी कुणाला सांगणार नाही. न्हाणीघराचं पाणीही त्यांना घालू नका, त्यात साबण असतो. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी चालेल. त्यापेक्षा वाळा लावा. खोल मुळांचा, भर उन्हात उभा राहणारा, दोन वर्षांत कमरेएवढा ठोंब होतो. कासव तो फारसं खाणार नाही, पण त्याच्या बुडात शिरून दुपार काढील. संध्याकाळी वाळ्याच्या बुडाशी तांब्याभर पाणी मारलं की तिथली हवा दमट राहते. हे चैनीसाठी सांगत नाही. सल्काटाच्या पिलांवरचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. कवचावर पिरॅमिडसारखे उंचवटे येतात त्यामागे जास्त प्रथिनांपेक्षा कोरड्या हवेचा वाटा मोठा, असं त्यात दिसलं. आपल्या एप्रिल-मेच्या हवेत ओलावा किती असतो ते तुमच्या ओठांना विचारा. वाड्यातली दाट झाडी हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

आता विकतच्या रोपांचं. कुंडीतलं रोप जातीनं निर्धोक असलं तरी नर्सरीतून आणल्या आणल्या वाड्यात जात नाही. त्याला मावा, पांढरी माशी लागू नये म्हणून इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध दिलेलं असतं. ते पानाच्या आत असतं, पान धुऊन निघत नाही. रोप आणलं की जुनी माती पूर्ण झाडा, मुळं धुवा, घरच्या मातीत लावा. खताचे गोळे दिसले तर वेचून फेका. पांढऱ्या हलक्या परलाइटच्या गोळ्या कासव चघळतं, त्याही काढा. मग तीन महिने ते वाड्याबाहेर वाढू द्या आणि आणल्यानंतर फुटलेली नवी पानंच वाढा. एवढं थांबायचं नसेल तर ओळखीच्या अंगणातून काडी आणून लावणं बरं. जास्वंद, तुती, पोर्टुलाकारिया, तिन्ही काडीवर येतात.

धुऱ्यावरचं गवत कापून आणणार असाल तर कापूस आणि सोयाबीनच्या शेताजवळचं आणू नका. पेरणीपासून दिवाळीपर्यंत तिथे फवारणी चालू असते आणि तणनाशक मारलेलं गवत पहिले काही दिवस हिरवंच दिसतं. ज्या बांधावर मालकाची स्वतःची म्हैस चरते तिथलं घ्या. आधी त्याला विचारा.

जमिनीकडेही बघा. परभणीची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्या भेगेत नऊ इंची कासवाचा पाय सहज अडकतो. पावसाळ्यात तीच माती त्याच्या पायांना आणि पोटाकडच्या कवचाला चिखलाचे गोळे होऊन चिकटते, कवच दिवसेंदिवस ओलं राहतं आणि सडतं. वाड्याच्या निम्म्या भागातली फूटभर माती काढून मुरूम, वाळू आणि थोडी तीच माती असं भरा, आणि एका कोपऱ्यात दीड फुटाचा उंचवटा करा. हरळी सखल भागात, वाळा उंचवट्याच्या उतारावर. वाळ्याची मुळं माती धरतात, नाहीतर सल्काटा पहिल्याच पावसात तिथे बीळ पाडील. पाडणार तर ते आहेच, म्हणून भिंतीचा पाया दोन फूट खाली न्या. हा वाडाही काही वर्षांपुरताच आहे. मोठं सल्काटा चाळीस-पन्नास किलोंचं होतं आणि माणसाइतकं जगू शकतं.

वाडा विटांच्या ओळीनं दोन भागांत विभागा. तीन आठवडे एक भाग उघडा, दुसरा बंद. नाहीतर दोन महिन्यांत हरळीचं मातेरं होईल आणि नव्या झाडांना दोष द्याल. दिवाळीच्या सुमारास बंद भागातलं मारवेल कापून सावलीत वाळवा. मार्चनंतर हिरवं संपतं, तेव्हा ती पेंडी कामाला येते. परभणीत थंडीच्या काही रात्री पारा पाच अंशांच्या खाली जातो. सल्काटा शीतनिद्रा घेत नाही. त्या दिवसांत रात्री ते घरातल्या खोक्यात, उबेत राहील. त्या खोक्याजवळ कुंडी हवी असेल तर स्पायडर प्लांट ठेवा. स्नेक प्लांट नको.

झाडं रुजल्यावर, कासव आत सोडण्याआधी, वाड्यात पालथं पडून हनुवटी जमिनीला टेकवा आणि चारी बाजूंना बघा. उभं राहून जे दिसत नाही ते तिथून दिसतं: भिंतीच्या फटीतून आलेलं बेशरमचं डोकं, विटेमागची पानफुटी, प्लास्टिकची दोरी, खिळा. पहिले आठ दिवस रोज अर्धा तासच सोडा आणि त्यानं कशाला तोंड लावलं ते वहीत लिहा.

आणि नको ते खाल्लंच तर दूध, तेल, मिठाचं पाणी काहीही पाजू नका. कासवाला उलटी करवता येत नाही. तोंडात उरलेलं पान बोटानं काढा, डोळ्याला चीक लागला असेल तर स्वच्छ पाण्याची धार धरून धुवत राहा, आणि वाट न बघता दवाखान्यात आणा. त्याचं शरीर संथ चालतं, म्हणून विषाची लक्षणं कधी कधी दोन-चार दिवसांनी दिसतात. आज चांगलं फिरतंय यावरून काही ठरत नाही. येताना ती फांदी सोबत आणा. फोटो नको, फांदीच, पान आणि फुलासकट, पिशवीची गाठ मारून.